दोन हॉर्न आणि एक ओठ

माउथपीस हलला. केसभरच, पण हलला. फुंकून वाजवायचा तो पितळी हॉर्न ओठाशी नेताना बोटांना ते कळलं, आणि तेवढ्यात संचालकांचा हात वर गेला होता, आता थांबता येणार नव्हतं. अठ्ठावीस बार, म्हणजे तालाची अठ्ठावीस आवर्तनं, गप्प बसून मोजल्यावर येणारी ती जागा. सगळा वाद्यवृंद श्वास धरून बसतो आणि एकटा हॉर्न वरच्या अंगाने, हलकेच, कुणाला जाग न आणता दार लोटावं तसा आत येतो. तिचा सूर तिथेच फुटला. मोठा आवाज झाला नाही. पातळ काचेचा पेला धुताना हातातच तडकतो, तेवढाच. व्हायोलिनवाल्यांपैकी कुणी मान वळवली नाही, आणि ते न वळवणंच तिला मानेवर जाणवलं. शेजारच्या खुर्चीतला दुसरा हॉर्नवाला कुजबुजला, "होतं असं. सकाळची वेळ आहे." त्याला सगळे घड्याळ म्हणत. तो कधी चुकत नसे, आणि त्याच्या वाजवण्यात कधी काही घडतही नसे. संचालकांनी तालीम पुढे नेली. तालीम संपल्यावर मात्र चष्मा पुसत म्हणाले, "संध्याकाळी नीट होईल ना?"

"होईल."

"वडिलांच्या हॉर्नचा आवाज माझ्या कानात आहे अजून. म्हणून तर तुम्हाला तो आणायला लावला. जुन्या रचनेला तोच हवा." मग चष्मा डोळ्यांवर चढवून, "कार्यक्रमानंतर जरा थांबा. तुमच्या खुर्चीचं बोलून टाकू."

खुर्ची आठ महिने तिची होती आणि आठ महिने तिची नव्हती. पहिला हॉर्न, तात्पुरता. त्या 'तात्पुरता'वर ती रोज बसायची, रोज उठायची. आज संध्याकाळी सात वाजता पूर्वार्धात बाबांचा जुना, अरुंद गळ्याचा हॉर्न, उत्तरार्धात तिचा स्वतःचा, मोठ्या कर्ण्याचा. दोन हॉर्न, दोन माउथपीस, ओठ मात्र एकच. आणि तो ओठ आज सकाळी फितूर झाला होता.

एक पेटी पाठीवर, एक हातात, असं चालत ती बसथांब्याकडे निघाली आणि चष्म्यांच्या दुकानाच्या काचेत तिला आपलं तोंड दिसलं. ती थांबली. डावा कोपरा खाली वाटतोय का? हसून पाहिलं. आतल्या विक्रेत्याने तिच्याकडे पाहून परत हसून दाखवलं, तेव्हा ती ओशाळून पुढे झाली. पण पुढच्या काचेत, त्याच्या पुढच्या काचेत, थांबलेल्या गाडीच्या खिडकीत ती तोंड बघतच राहिली. बाबांचं असंच झालं होतं. दाढी करता करता. अर्ध्या गालावर फेस, अर्धा गाल साफ, आणि आरशातल्या माणसाचा डावा ओठ हळूच खाली घसरला, दोरीवरून ओला कपडा घसरावा तसा. ते आरशाला म्हणाले होते, "अरे, हे काय?" पण ते शब्द म्हणून बाहेर आलंच नाही. तिनेच त्यांचा तो फेस पुसला होता. त्या दिवसापासून हॉर्न पेटीत, आणि पेटी कपाटावर, आणि बाबा कपाटाकडे पाठ करून बसायला शिकले. चालतात काठीने, बोलतात जपून; प आणि ब म्हणताना थोडी हवा निसटते. ज्या ओठाने एकतीस वर्षं त्या वरच्या जागा झेलल्या, त्याला आता चहाचा घोट झेलवत नाही. हे रक्तात उतरतं का? बोटं लांब उतरली, कान उतरला, दोन्ही भुवयांमधली आठीही उतरली. ओठ उतरायला किती वेळ?

बसमध्ये तिने खिशात हात घातला. उजव्या खिशात बाबांचा माउथपीस, डाव्या खिशात तिचा. गार माउथपीस ओठाला परका वाटतो, म्हणून हॉर्नवाले तो अंगाशी ठेवतात, खिशात, मुठीत, कुणी तर बगलेत. लहानपणी ती बाबांबरोबर सभागृहाच्या मागच्या दाराने जायची. थंडीचे दिवस. ते पेटी उघडून तेल, फडकं, चाव्या पाहत बसायचे आणि माउथपीस तिच्या मुठीत द्यायचे. "धर. गार होऊ देऊ नकोस." ती दोन्ही हातांची ओंजळ मिटून घट्ट बसायची, जणू आत पाखराचं पिल्लू आहे. बोलायची नाही, नाक खाजलं तरी हलायची नाही. मग बाबा हात पुढे करायचे, ती ओंजळ उघडायची, आणि ते तो ओठांना लावून म्हणायचे, "वा. भाजलास तू तर." इतकं साधं वाक्य. पण त्या उबेतून जो सूर पुढे बाहेर पडायचा, त्यात आपलाही वाटा आहे असं तिला वाटायचं. बाबांना भीती माहीत नव्हती. ते खुर्चीत बसत ते झाड जमिनीत बसतं तसे. ती मात्र पहिल्या दिवसापासून भित्री. वरचे सूर हॉर्नमध्ये एकमेकांना चिकटून असतात, अंधाऱ्या जिन्याच्या अरुंद पायऱ्यांसारखे. पाऊल जरा इकडे पडलं की भलत्याच पायरीवर. बाबा तो जिना न बघता चढायचे. ती प्रत्येक पायरीला आधी पायाने चाचपायची.

घरी आल्यावर कोट न काढताच तिने कपाटातून अंड्यांचा पुठ्ठा काढला. त्यात बारा खळगे, बारा माउथपीस. खिशातले दोन धरून चौदा. उंच वाटीचे, उथळ वाटीचे, चांदीचे, एक सोनेरी कडेचा, एकाची कड स्क्रूने निघणारी, म्हणजे कड तीच ठेवून खालची वाटी बदलता येते. तो पाहून बाबा म्हणाले होते, "कड स्क्रूची? मग जबडाही स्क्रूचाच बसवून घे." नवरा दारात येऊन उभा राहिला. "आज कुठलं उबवायचं?"

"थट्टा नको रे आत्ता."

"फुटला का?"

तिने एक माउथपीस उचलून परत खळग्यात ठेवला. तो दोन पावलं आत आला, पुठ्ठ्याकडे पाहत म्हणाला, "लोकांच्या घरात इतके चमचे नसतात गं. आणि तरी तुझं जेवण अडलेलंच." मग तिचा चेहरा पाहून आवाज उतरवला. "बाबांना विचार ना. पलीकडच्या खोलीतच तर आहेत."

"त्यांना नाही विचारायचं."

"का?"

"नाही म्हटलं ना."

कसं सांगणार? विचारायचं म्हणजे कबूल करायचं, की तुमचा हॉर्न, तुमचा माउथपीस, तुमची ती जागा, सगळं ताटात वाढून मिळालं आणि मला घास घेता आला नाही. आठवड्यापूर्वी संचालकांचा निरोप सांगितला तेव्हा बाबा कितीतरी वेळ खिडकीबाहेर बघत होते. मग काठीने कपाटाकडे खूण करून म्हणाले, "काढ." पेटी उघडली, तर माउथपीस आपल्या खाचेत, नळीत शिरणाऱ्या त्याच्या दांडीवर तपकिरी पट्टा चढलेला, वर्षानुवर्षांचा. तिने तो हॉर्नमध्ये घातला, पाव फेरा दिला, आणि पहिल्याच दिवशी आवाज आला. तिचा नव्हता तो आवाज. उसना होता. पण लागला होता, स्वच्छ, सहा दिवस लागत होता. काल संध्याकाळी तालमीच्या आदल्या दिवशी तिने दोन्ही हॉर्न पुसले, दोन्ही माउथपीस कोमट पाण्यात, साबणात, बारीक ब्रशने धुतले, बाबांचा जरा जास्तच मायेने, नवरीला न्हाऊ घालावं तसा. मग मऊ फडक्याने चकाकेपर्यंत पुसला. सगळं नीट केलं होतं. आणि आज सकाळी ओठ पडला.

तिने बाबांचा हॉर्न मांडीवर घेतला आणि एकेक माउथपीस घालून पाहायला लागली. तिचा नेहमीचा दांडीला जाड. नळीत नखभर जाऊन अडतो, सूर खाली बसतो, घशात आवंढा अडकल्यासारखा. सोनेरी कडेचा बरा बसतो, पण आवाज पितळी, भांडं पडल्यासारखा. स्क्रूचा पोकळ. प्रत्येकाच्या दांडीवर ती पेन्सिलीने खूण करत होती, कुठवर आत जातो ते. पेन्सिलीच्या बारीक रेघा, एकही दुसरीशी जुळेना. मग पुन्हा बाबांचा. तो मात्र सरळ आत, जोडापर्यंत, पाहुणा विचारल्याशिवाय आतल्या खोलीत शिरावा तसा. तिने फुंकलं. चार वेळा लागला, पाचव्यांदा फुटला. सात वेळा लागला, आठव्यांदा फुटला. संध्याकाळी एकदाच वाजवायचं होतं. ते एकदा त्या चारांतलं असेल की पाचवं, कोण सांगणार? ती उठून आरशापाशी गेली, बोटाने ओठाचा कोपरा वर ढकलला, सोडला. कडेची गोल खूण ओठांवर लाल उमटली होती. कोपरा होता तिथेच होता. की नव्हता? ज्याच्याकडे फार वेळ पाहावं ते वाकडं दिसायला लागतं. ती परत बसली, परत फुंकलं, परत फुटला. आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं, की भिंतीपलीकडे मघापासून होणारी वर्तमानपत्राची सळसळ थांबली आहे. म्हणजे ते ऐकताहेत. पहिल्यापासून ऐकताहेत.

काठीची टकटक आली. ती दार लावू शकली असती. बाबा आत आले, पुठ्ठ्याकडे पाहिलं, तिच्या अंगावरच्या कोटाकडे पाहिलं, खुर्चीत सावकाश बसले. "कोट तरी काढ. निघून चाललीस का कुठे?"

"बाबा, माझा ओठ बघता जरा? डावीकडे. खाली आलाय का?"

त्यांनी तिची हनुवटी धरली, उजेडाकडे वळवली. डॉक्टर बघतात तसं नाही, भाजीवाल्याकडे टोमॅटो बघतात तसं. "ओठ धडधाकट आहे. डोकं तपासून घे. वाजव."

तिने वाजवला. फुटला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि रडायला लागलं की ओठ सुजतो, सुजला की संध्याकाळ संपली, हे आठवून तिने ते पाणी जागच्या जागी थोपवलं. बाबांनी उजवा हात पुढे केला. तिने माउथपीस काढून त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी अंगठा दांडीवरून फिरवला. एकदा. पुन्हा एकदा. आणि त्यांच्या चेहऱ्याची जी बाजू हलत होती तीही थांबली.

"धुतलास?"

"हो. काल."

"गरम पाण्यात?"

"कोमट. का?"

"काही सुटलं का यातून? साल... सालपट?"

तिला बेसिन आठवलं. साबणाच्या पाण्यात तरंगलेलं तपकिरी काहीतरी, कांद्याच्या पापुद्र्यासारखं, गोल गुंडाळलेलं. मळ समजून तिने नळ सोडला होता. केवढा साठला होता बाबांचा मळ, असं मनात येऊन तिला हसूही आलं होतं.

"कागद होता तो," बाबा म्हणाले. "दांडीला गुंडाळलेला. हा माउथपीस या हॉर्नचा नाहीच."

तिने हॉर्न मांडीवरून खाली ठेवला. मग ते बोलायला लागले, थांबत थांबत, खाली पाहत, हातातल्या वस्तूलाच सांगावं तसे. या हॉर्नबरोबर आलेला माउथपीस वेगळा होता. नोकरीच्या पहिल्या वर्षी, थंडीत, ते सभागृहाकडे चालले होते, पुलावरून, माउथपीस मुठीत धरून. पुलाच्या त्या टोकाला तिची आई दिसली. तेव्हा ती आई नव्हती, बायकोही नव्हती, नुसती ओळख होती, आठवड्यातून दोनदा दिसणारी. "तिनं हात हलवला. मीही हलवला. मूठ उघडली गं. विसरलोच." पाण्यात आवाजसुद्धा आला नाही. आई जवळ येईपर्यंत ते हसत उभे होते. त्या संध्याकाळी कुणाकडून तरी हा मागून घेतला. दांडीने बारीक, नळीत सैल. सिगरेटच्या पातळ कागदाचे दोन वेढे दिले, तेव्हा बसला. दुसऱ्या दिवशी दुसरा शोधायचं ठरवलं, तर त्यांना त्याची सवय झाली होती. सवय म्हणजे भीती. बदलला तर काय होईल याची.

"आईला सांगितलं नाहीत?"

"तिला काय सांगू? तुझ्याकडे बघून हात हलवला म्हणून गेला? जन्मभर स्वतःला बोल लावून घेतला असता तिनं."

आणि मग तिला एकदम आठवलं. कपडे धुवायला घेताना बाबांच्या खिशात सिगरेटचे कोरे कागद सापडायचे. आईची खात्री होती, की नवरा चोरून ओढतो. ती भांडायची, वास घ्यायची, आणि राग निवला की चिडवायची, कपडे पिळता पिळता स्वतःच जोडलेल्या ओळी म्हणून:

खिशामध्ये कागद, धूर कुठं लपवला,
शोधता शोधता माझा, दिस सारा संपला.

बाबा वर्तमानपत्राआड हसायचे आणि गुन्हेगारासारखी मान खाली घालायचे. आई गेली तेव्हाही शेवटच्या आठवड्यात बजावून गेली, आता तरी ते ओढणं सोडा.

"तुम्ही कधी एक तरी ओढलीत?"

"एकदा. निदान आरोप खरा व्हावा म्हणून. खोकून खोकून मेलो." ते हसले, उजवी बाजू हसली. मग ती बाजूही विझली. "कागद ओला झाला की सरकतो. पूर्वार्धभर धरतो, पुढचं सांगता येत नाही. बाहेरून बघून कळत नाही. रोज नवा लावावा तर रोज जाडी वेगळी. शेवटचा लावला तो मात्र टिकला, चिकटूनच बसला."

"मग तुम्हाला भीती..."

"रोज," बाबा म्हणाले. "एकतीस वर्षं. दुपारचं जेवण उतरायचं नाही. तुला मुठीत धरायला द्यायचो ना, ते गार होऊ नये म्हणून एक, आणि माझे हात थरथरतात ते दिसू नये म्हणून दोन."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. झाड जमिनीत बसतं तसे बसायचे. इतकी वर्षं ती ज्या निर्भय माणसाच्या सावलीत भीत आली, तो माणूस कुठे नव्हताच. तिथे एक तरुण मुलगा पुलाच्या कठड्याशी उघडी मूठ घेऊन उभा होता. तिला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. उलट आधार काढून घेतल्यासारखं वाटलं, आणि त्या पोकळीत हळूहळू दुसरंच काही आलं, ज्याला तिच्याकडे नाव नव्हतं. काळोख्या जिन्यात आपल्या पुढे आणखी कुणाची तरी पावलं चाचपत चढताना ऐकू यावीत, तसं काही.

"घरात सिगरेटचा कागद नाही," ती म्हणाली.

"माझ्या औषधाच्या खोक्यातला काढ. घडी घातलेला असतो तो. पातळ असतो."

तिने तो पत्रक-कागद आणला, मुंगीएवढ्या अक्षरांनी भरलेला. कात्रीने बोटभर पट्टी कापली. बाबांचा डावा हात अजून धरत नाही, म्हणून दांडी तिने धरली आणि कागद त्यांनी फिरवला, उजव्या अंगठ्याने, जिभेवर ओला करून, सावकाश, एक वेढा. घालून पाहिलं, हलतो. दुसरा वेढा, जातच नाही. दुसरा अर्धा काढला. पट्टीवर बाहेर राहिलेली अक्षरं तिने वाचली: असे काही जाणवल्यास ताबडतोब. पुढचं वेढ्यात गेलं होतं. तिने पाव फेरा दिला. माउथपीस आत गेला, पेन्सिलीने खूण करावी अशा जागी थांबला. तिने हलवून पाहिला. हलला नाही.

"आता वाजवू?"

"नको. ओठ राख. संध्याकाळी कळेल."

"आणि नाही लागला तर?"

बाबांनी काठी हातात घेतली. "तर नाही लागला. मी येतो ऐकायला. इतके दिवस येत नव्हतो, मला ऐकवणार नाही असं वाटायचं. आता तुझ्याबरोबर एकाने तरी तिथं भ्यायला हवं."

सभागृहात दिवे मंद होण्याआधी तिने बाजूच्या दारातून डोकावून त्यांना बोलावलं आणि डाव्या खिशातला माउथपीस, तिचा स्वतःचा, उत्तरार्धातला, त्यांच्या उजव्या हातात दिला. "धरा. गार होऊ देऊ नका." आणि ते वळताना, "बाबा, ओळखीचं कुणी दिसलं तरी हात हलवायचा नाही."

"जा गं, तोंडाळ," ते म्हणाले; पण मूठ मिटली ती हाडं पांढरी होईपर्यंत.

जुनी रचना सुरू झाली. ती मोजत होती. नऊ, दहा, अकरा. शेजारी घड्याळ संथ श्वास घेत होता. अठरा, एकोणीस. कागद ओला झाला असेल का? तिने नळीत साचलेलं श्वासाच्या वाफेचं पाणी काढलं, हॉर्न फिरवून, हलके. तेवीस. माउथपीसला हात लावायची इच्छा झाली. लावला तर सैल होईल, नाही लावला तर कळणार नाही. लावला नाही. पाचव्या रांगेत नवऱ्याच्या शेजारी बाबा दिसत होते, तोंड थोडं उघडं, आणि छातीवर एक मूठ. सव्वीस. ते मोजताहेत. त्यांचे ओठ हलत होते, उजवीकडचे. सत्तावीस. तिने कड ओठांवर टेकवली. भीती होती तिथेच होती. अठ्ठावीस. तिने पायरी चाचपली नाही. पाय टाकला.

दार उघडलं. कुणाला जाग आली नाही. सूर बाबांच्या सुरासारखा नव्हता, हे तिला लगेच कळलं; तो जरा सावळा होता, कडेने किंचित थरथरणारा, पण अखंड. तो चालत गेला, व्हायोलिनच्या मधून वाट काढत, आणि ती त्याच्या मागून भीत भीत गेली, शेवटपर्यंत.

टाळ्या झाल्या. संचालकांनी हाताने तिला उठायची खूण केली, ती उठली. सगळं सभागृह टाळ्या वाजवत होतं, नवरा डोक्यावर हात नेऊन वाजवत होता. पाचव्या रांगेत एकच माणूस वाजवत नव्हता. तो पुतळ्यासारखा बसला होता, उजवी मूठ छातीशी घट्ट मिटून. ती त्यांच्याकडे बघून हसली. त्यांनी मान हलवली. मूठ उघडली नाही.

मध्यंतरात ते काठी नवऱ्याच्या हातात देऊन, त्याच्या दंडाला टेकून मागे आले. पूर्वार्धातल्या माउथपीसच्या दांडीवरून कागदाची पट्टी निम्मी सुटून लोंबत होती. तिने ती त्यांना दाखवली. ते बघत राहिले. "थोडक्यात वाचलीस," म्हणाले.

"आता तुमच्या मुठीतल्याला कागद लागत नाही. हा माझ्या हॉर्नमध्ये घट्ट बसतो."

"घट्ट बसतो तो कधी अडकूनही बसतो. ठोकू नकोस."

"बाबा!"

"सांगून ठेवतो." मग त्यांनी हात पुढे केला. मूठ लगेच उघडेना; बोटं आखडली होती. तिने एकेक बोट सोडवलं, करंगळीपासून. आत माउथपीस घामाने ओला, आणि तळव्याच्या मधोमध त्याच्या कडेची खूण उमटलेली, पूर्ण गोल, लाल. त्यांनी ती पाहिली, मग तिच्या ओठांवरची पाहिली.

दुसऱ्या घंटेचा आवाज आला. तिने माउथपीस ओठांना लावला.

"भाजलात तुम्ही तर," ती म्हणाली.